जुन्या ओळीचा अर्थ बदलू नका : विजेट लायब्ररी सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

विजेट लायब्ररी सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

पुण्या-नाशकाकडच्या ज्या कंपन्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितात, त्यांतल्या कितीतरी जणींकडे स्वतःची एक विजेट लायब्ररी असते, म्हणजे स्क्रीनवरच्या बटणं-तक्त्यांसारख्या भागांचा तयार कोड. खाली क्यूटी (सी++ साठी), स्विंग (जावासाठी) असं स्क्रीन बनवायचं तयार साधन नाहीतर विंडोजचं मूळ एपीआय, आणि त्यावर कंपनीने चढवलेला थर : आपली बटणं, आपले आलेख, आपली अलार्मची पट्टी. हा थर तुम्ही दोन-चार जण सांभाळता आणि बाकीच्या टीम तो वापरतात. मी वापरणाऱ्यांपैकी आहे. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत चाचणीयंत्रांवर जे स्क्रीन दिसतात ते आम्ही लिहितो. एकदा यंत्र बसलं की ते दहा-पंधरा वर्षं हलत नाही, आणि त्यासोबत आमचा कोडही नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे लायब्ररीची एक छोटी आवृत्ती आली. रिलीज नोटमध्ये लिहिलं होतं की एक ओव्हरलोड (त्याच नावाची, पण वेगळे पॅरामीटर घेणारी मेथड) वाढवला आहे, जुन्या कोडवर परिणाम नाही. बिल्ड झालं, एकही वॉर्निंग नाही. यंत्रावर चढवलं तर अर्ध्या तक्त्यांची शीर्षकपट्टी कोरी. पट्टी आहे, रंग आहे, अक्षरं नाहीत.

झालं होतं ते असं. आधी एक मेथड होती, सेटहेडर. ती क्यूस्ट्रिंग घ्यायची, म्हणजे शीर्षकाचा मजकूर. नव्या आवृत्तीत त्याच नावाची दुसरी आली, बूल म्हणजे हो-नाही (ट्रू-फॉल्स) घेणारी : पट्टी दाखवायची की नाही. आमच्या कोडमध्ये जागोजागी सेटहेडर("तापमान") असं होतं. आता सी++ च्या लेखी अवतरणातलं "तापमान" म्हणजे क्यूस्ट्रिंग नव्हे, तो अक्षरांच्या रांगेचा पत्ता, पॉइंटर. पॉइंटरचं बूल करणं हे भाषेचं स्वतःचं प्रमाण रूपांतर. क्यूस्ट्रिंग करायचं तर क्यूटीने लिहिलेला कन्स्ट्रक्टर (वस्तू तयार करणारी मेथड) मध्ये घ्यावा लागतो, आणि प्रमाण रूपांतर मिळत असताना कंपाइलर दुसऱ्या कोणाच्या कन्स्ट्रक्टरकडे बघतही नाही. पॉइंटर शून्य नाही, म्हणजे ट्रू. आमचं 'तापमान' त्याने 'हो' असं वाचलं आणि पट्टी इमानेइतबारे दाखवली. ज्या ओळींत भाषांतरासाठी टीआर वापरलं होतं तिथे क्यूस्ट्रिंगच हाती येतं, म्हणून त्या ओळी वाचल्या. अर्धे तक्ते नीट आणि अर्धे कोरे, त्यामागे एवढंच. पण हे कळेपर्यंत आम्ही फॉन्ट, थीम, ग्राफिक्स ड्रायव्हर असं सगळं पालथं घातलं.

याचा उपायही सांगून टाकतो. बूलवाली मेथड आता एकदम काढता येत नाही, कारण कोणीतरी सेटहेडर(ट्रू) लिहायला लागलेलं असणार. म्हणून सेटहेडरव्हिजिबल हे वेगळं नाव द्यायचं, बूलवालीला डेप्रिकेटेड (आज चालते, पण वापरू नका) म्हणून खूण करायची, आणि अक्षरांचा पॉइंटर थेट घेणारा तिसरा ओव्हरलोड घालायचा, जो आत क्यूस्ट्रिंग करून मूळ मेथडकडे पाठवेल. थेट जुळणारा ओव्हरलोड समोर असला की बूलचा नंबरच लागत नाही. कोणी सेटहेडर(0) असं लिहून ठेवलं असेल तर तिथे मात्र कंपाइलर अडेल, कारण शून्याचं बूलही होतं आणि पॉइंटरही. अडू दे. तिथे तो अडलेलाच बरा.

या पत्रात माझं म्हणणं एवढंच आहे. आज जी ओळ एक सांगते, ती उद्या गुपचूप दुसरंच सांगायला लागता कामा नये. ती कंपाइल होईनाशी झाली तर आम्ही कुरकुर करू, एक दुपार घालवू आणि दुरुस्त करू. पण ती कंपाइल होते, चालते आणि भलतंच करते, तेव्हा चूक शोधणारा माणूस यंत्रापाशी उभा असतो आणि त्याच्या मागे प्रॉडक्शन मॅनेजर घड्याळ बघत असतो.

सिग्नेचर, म्हणजे मेथडीचं नाव आणि ती काय काय घेते ते, सुधारूच नका असं मी मुळीच म्हणत नाही. वाईट सिग्नेचरचा त्रास सगळ्यात जास्त आम्हालाच होतो. क्यूटी ३ मधला क्यूस्लायडरचा कन्स्ट्रक्टर जुन्या लोकांना आठवत असेल : किमान, कमाल, पानाची पायरी, सुरुवातीची किंमत, दिशा, पालक विजेट आणि शेवटी नाव. म्हणजे कोडमध्ये 0, 100, 10, 40 अशी रांग. यातलं दहा कशाचं आणि चाळीस कशाचं, हे हेडर फाइल उघडल्याशिवाय सांगून दाखवा. त्याच काळात रीपेंट(फॉल्स) असंही लिहायचे लोक. वाचणाऱ्याला वाटे, 'रंगवू नको'. खरा अर्थ होता, 'रंगव, पण आधी पुसू नको'. जीटीके या सी मधल्या लायब्ररीच्या बाजूला बॉक्समध्ये विजेट भरायच्या पॅकस्टार्टला शेवटी ट्रू, ट्रू, शून्य असं शेपूट असायचं. ते बहुतेकांनी समजून न घेता जन्मभर कॉपी-पेस्ट केलं. पहिलं ट्रू जागा वाढवण्याचं, दुसरं ती जागा भरण्याचं. उलटसुलट झालं तरी कंपाइलर एका शब्दाने बोलत नाही.

तेव्हा सुधारायला हवंच. २००५ साली क्यूटी ४ आलं तेव्हा त्यांनी स्लायडरला कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त दिशा आणि पालक एवढंच ठेवलं. बाकी सगळं सेटरेंज, सेटपेजस्टेप, सेटव्हॅल्यू अशा नावाच्या मेथडींत गेलं. ओळी वाढल्या, पण प्रत्येक ओळ वाचता येते. रीपेंटचं बूल गेलं. मजकूर शोधताना लहान-मोठी लिपी बघायची की नाही, यासाठी ट्रू-फॉल्सऐवजी केससेन्सिटिव्ह, केसइन्सेन्सिटिव्ह असे एनम, म्हणजे नाव असलेले पर्याय, आले. आणि ज्यांचा कोड क्यूटी ३ चा होता त्यांच्यासाठी क्यूटी३सपोर्ट नावाची वेगळी लायब्ररी दिली, जोडीला कोडमधली नावं बदलून देणारं एक पोर्टिंगचं साधनही. २०१२ च्या डिसेंबरात क्यूटी ५ आलं तेव्हाच ती सपोर्ट लायब्ररी गेली. सात वर्षं मिळाली. एवढी मुदत घरच्या लायब्ररीला शक्य नाही हे मला कळतं. पण आमच्या हातात पडते ती पुष्कळदा एका रिलीजची.

आता तुम्हाला जीटीकेची एक गोष्ट मुद्दाम दाखवतो, कारण मोडावं कसं याचा तो चांगला नमुना आहे. जुन्या जीटीकेटेबलमध्ये विजेट बसवताना चार आकडे द्यायचे : डावी कड, उजवी कड, वरची कड, खालची कड. जीटीके ३ मध्ये त्याच कामासाठी जीटीकेग्रिड आलं आणि तिथेही आकडे चारच, पण अर्थ वेगळे : डावी कड, वरची कड, रुंदी, उंची. नवी पद्धत सोयीची आहे यात वाद नाही. विचार करा, त्यांनी टेबल हेच नाव ठेवून फक्त आकड्यांचे अर्थ बदलले असते तर? चारही पूर्णांक, चारही शून्याच्या आसपासचे. सगळं जग बिनतक्रार कंपाइल झालं असतं आणि प्रत्येक खिडकीतली बटणं एकमेकांच्या डोक्यावर बसली असती. त्यांनी क्लासचं नावच वेगळं केलं, जुनं टेबल डेप्रिकेटेड करून ३ मध्ये चालू ठेवलं आणि ४ मध्ये काढलं. ज्याचा कोड जुना होता त्याला कंपाइलरने बोट ठेवून ओळ दाखवली.

सी मध्ये ओव्हरलोड नाहीत, म्हणून जीटीकेवाल्यांना वेगळं नाव शोधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नव्या पॅरामीटरची गरज पडली की जोडीला 'फुल' असं शेपूट लावलेलं दुसरं फंक्शन. विंडोजमध्ये 'एक्स' लावतात. तिथे खिडकी तयार करणारं क्रिएटविंडो आता खरं फंक्शन राहिलेलंच नाही, ते एक मॅक्रो आहे, म्हणजे कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी दुसरा मजकूर भरला जातो असं नाव. ते क्रिएटविंडोएक्सला बोलावतं आणि वाढीव पॅरामीटरच्या जागी शून्य देतं. दिसायला हे अजागळ. बारा पॅरामीटरांचं फंक्शन बघून कोणाचं मन प्रसन्न होत नाही. पण नव्वदीतल्या प्रोग्रॅमचा सोर्स आजही त्याच नावाने कंपाइल होतो. मला विचाराल तर सी++ आणि जावावाल्यांनी हा दरिद्री शिस्तीचा धडा घ्यावा. ओव्हरलोड हाताशी आहे म्हणून एकाच नावावर सगळं लादायचा मोह होतो, आणि मग आमच्या 'तापमान'सारखं होतं.

ओव्हरलोडचा आणखी एक त्रास क्यूटीलाच भोवला. स्पिनबॉक्सचा (आकडा वर-खाली करायच्या चौकटीचा) व्हॅल्यूचेंज्ड सिग्नल, म्हणजे किंमत बदलल्याची सूचना, दोन रूपांत होता : एक आकडा देणारा, एक मजकूर देणारा. मॅक्रोने जोडायची जुनी पद्धत होती तोवर ठीक चाललं. क्यूटी ५ मध्ये फंक्शनचा पत्ता देऊन सिग्नल जोडायची नवी पद्धत आली, आणि एका नावाचे दोन सिग्नल म्हटल्यावर 'यातला कुठला' हे सांगायला लांबलचक कास्ट (प्रकार स्पष्ट सांगणारी जोड) लिहावा लागू लागला. ५.७ मध्ये त्यासाठी क्यूओव्हरलोड नावाची कुबडी दिली. खरा उपाय ५.१४ मध्ये आला. मजकूरवाल्याला टेक्स्टचेंज्ड हे स्वतःचं नाव मिळालं, जुनं रूप डेप्रिकेटेड झालं, आणि २०२० च्या डिसेंबरात आलेल्या क्यूटी ६ मध्ये ते निघालं. पावलं अगदी बरोबर पडली.

तरीही एक फट राहिली. जुन्या मॅक्रोच्या पद्धतीत सिग्नलचं नाव शेवटी मजकूर म्हणूनच साठवलं जातं. म्हणजे मजकूरवालं व्हॅल्यूचेंज्ड मॅक्रोने जोडणारी ओळ क्यूटी ६ मध्येही कंपाइल होते. प्रोग्रॅम सुरू होतो, कन्सोलवर 'असा सिग्नल नाही' अशी एक ओळ पडते, आणि स्पिनबॉक्स फिरवला तरी काही होत नाही. आमच्या यंत्रांना कन्सोल नसतो. तुमच्या लायब्ररीत काही काढणार असाल तर आधी विचारा : हे नाव कोणी मजकूर म्हणून वापरतंय का? सिग्नलच्या मॅक्रोमध्ये, स्टाइलशीटमध्ये, डिझायनरच्या फाइलीत, पायथनच्या गेटअॅट्रमध्ये? तिथे कंपाइलर मदतीला येत नाही. अशा जागी चालू असतानाच ठळकपणे थांबवणारी तपासणी घाला, निदान डिबग बिल्डमध्ये तरी.

व्हर्च्युअल मेथडींबद्दल, म्हणजे वापरणाऱ्याने आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहायच्या (ओव्हरराइड करायच्या) मेथडींबद्दल, जरा जास्त लिहितो, कारण तिथे नुकसान सगळ्यात मोठं आणि आवाज सगळ्यात कमी. क्यूविजेटमध्ये एंटरइव्हेंट नावाची व्हर्च्युअल मेथड आहे. माउस विजेटवर आला की ती चालते. क्यूटी ५ पर्यंत ती साधा क्यूइव्हेंट घ्यायची. क्यूटी ६ मध्ये तिचा पॅरामीटर क्यूएंटरइव्हेंट झाला. बदल योग्य आहे, कारण आत वस्तू तीच येत होती आणि आपण उगाच कास्ट करत बसायचो. पण आमच्या जुन्या बटणाच्या क्लासमध्ये आम्ही एंटरइव्हेंट क्यूइव्हेंटसकट लिहिलेली. क्यूटी ६ वर ती कोणालाच ओव्हरराइड करत नाही. ती आमची एक स्वतंत्र, अनाथ मेथड होऊन बसते, जिला कोणी कधीच हाक मारणार नाही. माउस नेला तर बटण उजळत नाही, एवढाच पुरावा. ज्या ओळींत सी++ ११ चा ओव्हरराइड हा शब्द लावला होता तिथे कंपाइलरने लगेच एरर दिली. जिथे नव्हता तिथे शांतता. त्यासाठीची वॉर्निंग असते, पण बऱ्याच बिल्डमध्ये ती मुद्दाम चालू करावी लागते.

क्यूटीने हे मोठ्या आवृत्तीत केलं, बदलांच्या यादीत लिहून केलं. घरच्या लायब्ररीत असे बदल मंगळवारच्या रिलीजमध्ये येतात. व्हर्च्युअल मेथडीची सिग्नेचर बदलायचीच असेल तर नवी मेथड नव्या नावाने आणा आणि तिच्या मूळ अंमलबजावणीतून जुनीला बोलवा.

हे शेवटचं वाक्य घाईत वाचू नका, कारण दिशा उलटी होते ती इथेच. साध्या मेथडीत जुनीने नवीला बोलवायचं, सगळं काम नवीत. हे सगळ्यांना माहीत असतं. पण जिथे लोक तुमच्या क्लासवरून स्वतःचे क्लास काढतात तिथे नवीने जुनीला बोलवावं लागतं. याचं जुनं उदाहरण जावाच्या एडब्ल्यूटी या जुन्या विजेट लायब्ररीत आहे. जावा १.० मध्ये कंपोनंट दाखवायला शो आणि लपवायला हाइड होतं, आकार बदलायला रिसाइझ, जागा बदलायला मूव्ह. १९९७ मध्ये १.१ आलं तेव्हा जावाबीन्सच्या पद्धतीप्रमाणे सेटव्हिजिबल, सेटसाइझ, सेटलोकेशन ही नावं आली आणि जुनी डेप्रिकेटेड झाली. आता जेडीकेचा (जावाच्या मूळ संचाचा) सोर्स उघडून सेटव्हिजिबल बघा. आत एकच काम आहे : शो ला बोलवणं. नवी मेथड डेप्रिकेटेड मेथडीला बोलवते! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं. पण १.० च्या काळात कोणीतरी आपल्या डायलॉगमध्ये शो ओव्हरराइड करून 'आधी मध्यभागी ये, मग दिस' असं लिहून ठेवलं असेल. नव्या कोडने सेटव्हिजिबल म्हटलं तरी त्याचं ते शो चाललंच पाहिजे. ती जुनी नावं जेडीकेत आजही आहेत. त्याने एडब्ल्यूटी थोडी फुगली असेल, पण कोणाचा डायलॉग कोपऱ्यात जाऊन बसला नाही.

'मग शेवटी एक डिफॉल्ट पॅरामीटर वाढवला तर काय बिघडतं?' हा प्रश्न मला तुमच्यापैकी एकाने प्रत्यक्ष विचारला होता. सोर्सपुरतं बघाल तर फारसं काही नाही. पण सी++ मध्ये फंक्शनच्या नावात पॅरामीटरचे प्रकार गुंफलेले असतात. डिफॉल्ट असो वा नसो, पॅरामीटर वाढला की लिंकरच्या (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्याच्या) दृष्टीने ते दुसरंच फंक्शन. आमच्या एका ग्राहकाकडे एक प्लगइन आहे, डीएलएल म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या फाइलीच्या स्वरूपात. लिहिणारी कंपनी बंद झाली, सोर्स कोणाकडेच नाही. तुमची नवी लायब्ररी शेजारी ठेवली की ते प्लगइन जुनं नाव शोधतं, सापडत नाही, आणि लोडच होत नाही. उपाय जुनाच : जुनी सिग्नेचर जागेवर ठेवा, शेजारी नवी ओव्हरलोड द्या, या दोघी एकमेकींत विलीन करायच्या असतील तर मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबा. क्यूटीच्या हेडर फाइलींत तीन हॅश चिन्हं टाकून 'पुढच्या मोठ्या आवृत्तीत एकत्र करा' अशा टिपा दिसतात, त्या याचसाठी. त्यांनी मोठ्या आवृत्तीच्या आत सोर्स आणि बायनरी (कंपाइल झालेल्या फाइली) दोन्ही जुळतं ठेवायचं वचन दिलंय, ५.० ते ५.१५, म्हणजे २०१२ ते २०२०, ते वचन असंच रेटलं. आणि हो, डिफॉल्टची किंमत बदलणं त्याहून वाईट. ती किंमत हाक मारणाऱ्याच्या बाजूला भरली जाते. जुनं प्लगइन जुनीच किंमत पाठवत राहतं, नव्याने बिल्ड झालेला कोड नवी पाठवतो, आणि एकाच स्क्रीनवर दोन वागणुकी दिसतात.

जिथे पॅरामीटर वाढतच जाणार हे आधीच दिसतंय, तिथे पहिल्या दिवसापासून एक स्ट्रक्ट (अनेक किमती एकत्र ठेवणारी रचना) घ्या. पण त्यालाही स्वतःची दुखणी आहेत. क्यूटी ४ मध्ये यादीतला घटक रंगवायचे पर्याय एका स्ट्रक्टमध्ये होते, पण बायनरी जुळती ठेवायची म्हणून त्यात फील्ड वाढवता येईना. मग व्ही२, व्ही३, व्ही४ असे त्यावरून काढलेले वारस आले आणि रंगवणाऱ्याने 'तू व्ही४ आहेस का' असं विचारत बसायचं. क्यूटी ५ मध्ये सगळं पुन्हा एकत्र केलं. कुरूप होतं, पण चाललं.

पायथनवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे पॅरामीटरचं नावही सिग्नेचरचाच भाग आहे. कोणी नाव लिहून आर्ग्युमेंट देत असेल तर नाव बदलणं म्हणजे मोडणं. नवे पर्याय तारांकित खुणेनंतर, फक्त नावानेच देता येतील असे ठेवा. पायथन ३ मध्ये ही सोय सुरुवातीपासून आहे. मग पुढे क्रम बदलायची मोकळीक तुम्हाला राहते. आणि किती सैलपणे स्वीकारता हाही करारच असतो. पायक्यूटी५ मध्ये (पायथनमधून वापरायच्या क्यूटीत) मूव्ह ला दशांश आकडा दिला तरी चालायचं. खिडकी मध्यभागी आणायला रुंदी भागिले दोन असं सगळेच लिहीत. पायथन ३.८ ने त्यावर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली, पण ती वॉर्निंग मुख्य फाइलीबाहेर आपोआप दडवलेली असते. २०२१ मध्ये ३.१० आलं, पूर्णांकाच्या जागी दशांश चालेनासा झाला, आणि कोणीही सिग्नेचरला हात न लावता असे प्रोग्रॅम टाइपएरर देऊन पडले. जी वॉर्निंग कोणाला दिसत नाही ती दिलेली धरू नका.

वॉर्निंगबद्दल बोलतोच आहे तर आमची साधी अपेक्षा अशी की त्या संदेशात 'हे वापरू नका' एवढंच नको. काय वापरायचं, कधीपासून डेप्रिकेटेड आहे आणि कुठल्या आवृत्तीत जाणार आहे हे तिथेच लिहा. सी++ १४ पासून डेप्रिकेटेड अॅट्रिब्यूटमध्ये मजकूर देता येतो. जावा ९ ने तर 'कधीपासून' आणि 'काढणार आहे का' हे दोन वेगळे रकानेच दिले, कारण तोवर जावात डेप्रिकेटेड म्हणजे 'नावापुरतं' असा सगळ्यांचा समज झाला होता. क्यूटीमध्ये एक मॅक्रो लावला की अमुक आवृत्तीपूर्वी डेप्रिकेटेड झालेलं सगळं दिसेनासं होतं. ज्याला आजच झाडून घ्यायचं आहे तो घेतो, ज्याला वेळ नाही त्याचं चालत राहतं. तुमच्या लायब्ररीत असा मॅक्रो घालायला अर्धा दिवस पुरेल.

'हे सगळं सांभाळायचं म्हणजे आम्ही नवीन काही करायचंच नाही का?' अशी तुमची बाजू असेल, ती मी नाकारत नाही. दोन-चार माणसांच्या टीमला प्रत्येक जुनी मेथड जन्मभर पोसणं परवडत नाही. म्हणूनच काढा, पण वर्षातून एकदा, ठरलेल्या मोठ्या आवृत्तीत, आधी जाहीर करून. मधल्या रिलीजमध्ये फक्त वाढवा, आणि वाढवतानाही तोच प्रश्न विचारा : आज चालणारी एखादी ओळ यामुळे दुसरीकडे वळते का? त्या मोठ्या आवृत्तीसोबत नावं बदलून देणारी स्क्रिप्ट द्या. फ्लटर या स्क्रीन बनवायच्या साधनात डार्ट फिक्स ही कमांड हेच करते. मेथडीचं नाव कशातून कशात बदललं याची यादी लायब्ररीसोबतच येते आणि एका कमांडने वापरणाऱ्याचा कोड दुरुस्त होतो. आपल्याला एवढं झकपक नको. क्लँग या कंपाइलरवर चालणारी साधी स्क्रिप्ट, नाहीतर शोधायच्या-बदलायच्या जोड्यांची फाइलही चालेल.

फ्लटरचीच आणखी एक पद्धत आपल्याकडे आणावी अशी माझी विनंती आहे, आणि तिच्यासाठी आम्ही आमच्या बाजूने काम करायला तयार आहोत. तिथे वापरणारे लोक आपल्या चाचण्या फ्लटरच्या चाचण्यांच्या भांडारात नोंदवू शकतात, आणि ज्या बदलाने त्यातली चाचणी पडते तो बदल 'मोडणारा' समजला जातो. काय मोडलं याचा निकाल लायब्ररीवाल्यांच्या अंदाजावर सोडलेला नाही. आमच्याकडचे जुने स्क्रीन, ग्राहकाची नावं आणि आकडे काढून टाकून, तुमच्या रात्रीच्या बिल्डला जोडायला आम्ही देतो. प्रत्येक स्क्रीन उघडून त्याचं चित्र काढायचं आणि मागच्या रात्रीच्या चित्राशी ताडून बघायचं, एवढी चाचणी आम्ही लिहून देऊ; चालवायचं यंत्र तुमचं. त्या सोर्स नसलेल्या प्लगइनची एक प्रतही, ग्राहकाने परवानगी दिली की, त्यात टाकू. सार्वजनिक हेडर फाइलीत बदल करणारा रिव्ह्यू असेल तेव्हा वापरणाऱ्या टीममधल्या एकाचं नाव त्यात घाला. आमच्याकडून शुक्रवारी सकाळी कोणीतरी मोकळं असतं.

आपला,
यंत्रांवरचे स्क्रीन सांभाळणारा एक प्रोग्रॅमर